आयर्लंडच्या संसदेत याचिका दाखल करताना: 300 युरोंच्या कार्डाचा प्रश्न

युरोपीय आर्थिक क्षेत्र, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड यांच्याबाहेरून आलेल्या माणसाला आयर्लंडमध्ये 90 दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल, तर इमिग्रेशनकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी झाली की आयआरपी, म्हणजे आयरिश रहिवासी परवान्याचं कार्ड मिळतं आणि त्याचं शुल्क आहे माणशी 300 युरो. 18 वर्षांखालची मुलं, मान्यता मिळालेले निर्वासित आणि युरोपीय नागरिकांचे कुटुंबीय यांना ते माफ आहे. कार्ड एका वर्षाचं असो की दोन वर्षांचं, रक्कम तीच. त्यामुळे ज्याचं कार्ड दर वर्षी संपतं, त्याच्यावर बोजा सर्वांत जास्त. असे लोक म्हणजे विद्यार्थी आणि कमी मुदतीच्या परवान्यावर काम करणारे, म्हणजे ज्यांच्या हातात पैसे मुळातच कमी असतात.

शुल्क कार्डाच्या मुदतीच्या प्रमाणात असावं, एवढी एकच मागणी घेऊन डब्लिनमधल्या आम्ही काही जणांनी संसदेच्या याचिका समितीकडे जायचं ठरवलं. संसदेसाठी मतदानाचा हक्क आमच्यातल्या निम्म्यांनाही नव्हता. इथे डॉइलच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या निवडणुकीत आयरिश आणि ब्रिटिश नागरिकच मत देऊ शकतात. स्थानिक निवडणुकीत मात्र इथे राहणारा कोणीही मत देऊ शकतो, मग तो कुठल्याही देशाचा नागरिक असो. ही बाब आधी लिहितोय, कारण ‘आपल्याला मतच नाही, मग आपलं कोण ऐकणार’ या एका समजापायी बरेच जण पहिलं पाऊलच टाकत नाहीत. प्रत्यक्षात खासदारांच्या क्लिनिकमध्ये, म्हणजे ते लोकांना भेटतात तिथे, मतदार ओळखपत्र कोणी मागत नाही. याचिकेच्या नियमांतही नाव, पत्ता आणि मागणी याच गोष्टी मूळ आहेत.

सुरुवात याचिका लिहिण्यापासून करू नये. आधी आपला प्रश्न नेमका कुठल्या दाराचा आहे ते पाहावं. एखाद्या सरकारी कार्यालयाने तुमच्या एकट्याच्या प्रकरणात चूक केली असेल, तर त्याची जागा म्हणजे लोकपाल, ज्याला इथे ऑम्बड्समन म्हणतात. त्या कार्यालयाकडे आधी तक्रार करायची, समाधान झालं नाही तर 12 महिन्यांच्या आत ऑम्बड्समनकडे जायचं, पैसे लागत नाहीत. बँक, विमा आणि पेन्शनसाठी वेगळा ऑम्बड्समन आहे, मुलांच्या प्रश्नांसाठी वेगळा. पण आपल्यासारख्यांना ठाऊक असायलाच हवी अशी एक मेख आहे. 1980 च्या ऑम्बड्समन कायद्याने परदेशी नागरिक आणि नागरिकत्व यांच्या कायद्याचा कारभार त्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. व्हिसा, नोंदणी, नागरिकत्वाचा अर्ज यांबद्दलच्या तक्रारीवर तिथून ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’ असंच उत्तर येतं. त्यामुळे इमिग्रेशनचा वैयक्तिक प्रश्न खासदारामार्फत न्यावा लागतो आणि धोरणाचा प्रश्न संसदेकडे.

धोरणाच्या प्रश्नातही तो कोणाच्या अखत्यारीत आहे हे पाहावं लागतं. आमच्या बाबतीत 2004 चा इमिग्रेशन कायदा उघडून वाचला तेव्हा चित्र स्पष्ट झालं. नोंदणीचं शुल्क कायद्यात लिहिलेलं नाही. कायदा मंत्र्यांना अधिकार देतो आणि रक्कम मंत्री नियमावलीने ठरवतात. म्हणजे ती बदलायला नवं विधेयक नको, दोन्ही सभागृहांत मतदान नको, मंत्र्यांनी नवी नियमावली काढली की झालं. यावरून मागणीची भाषाच बदलते. ‘सरकारने हे अन्याय्य शुल्क रद्द करावं’ असं लिहिलं तर त्यावर विभागाला दोन ओळींत हात झटकता येतात. ‘मंत्र्यांनी नियमावलीत दुरुस्ती करून शुल्क कार्डाच्या मुदतीशी जोडावं, आणि समितीने सध्याच्या रकमेचा हिशेब विभागाकडून मागवावा’ असं लिहिलं की उत्तरही तितकंच नेमकं द्यावं लागतं. आयरिश कायदे आणि नियमावल्या सरकारच्या कायदेविषयक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. एक संध्याकाळ त्यासाठी द्यावी.

2024 च्या शरद ऋतूत आम्ही खासदारांना पत्रं पाठवली. आयर्लंडमध्ये मतदारसंघ तीन, चार किंवा पाच जागांचे असतात, त्यामुळे तुमचा खासदार एक नसतो, तीन ते पाच असतात आणि बहुधा वेगवेगळ्या पक्षांचे. ही मोठी सोय आहे. सगळ्यांना लिहावं, पण प्रत्येकाला वेगळं. एकच मजकूर शंभर जणांनी पाठवला, तर कार्यालयातला सहायक तो एका फोल्डरमध्ये टाकतो आणि सगळ्यांना एकच ठरावीक उत्तर जातं. मेलच्या वर पूर्ण पत्ता आणि सात अक्षरांचा एअरकोड, म्हणजे इथला पिनकोड, लिहावा, कारण सहायक सगळ्यात आधी तेच बघतो: माणूस आपल्या मतदारसंघातला आहे का. मजकूर एका पानात बसवावा. शेवटी ‘काहीतरी करा’ न लिहिता ‘सोबत जोडलेला लेखी प्रश्न मंत्र्यांना विचाराल का’ असं लिहावं आणि प्रश्न खरोखरच जोडावा.

इथला लेखी प्रश्न म्हणजे आपल्याकडचा अतारांकित प्रश्न. टीडींच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या सदस्यांच्या कार्यालयात त्याला सगळे पीक्यू म्हणतात. त्याचा साचा ठरलेला आहे: अमुक मंत्र्यांना विचारणे की अमुक वर्षांत अमुक गोष्ट किती झाली, तिची वर्षवार विभागणी काय, आणि मंत्री या विषयावर निवेदन करतील काय. मत विचारू नये, आकडा विचारावा. एका प्रश्नात चार गोष्टी कोंबल्या, तर सर्वांत सोप्या गोष्टीचं उत्तर येतं आणि बाकीच्या तशाच राहतात. सभागृहाचं कामकाज सुरू असताना उत्तर साधारण तीन कामकाजी दिवसांत येतं आणि संसदेच्या संकेतस्थळावर कायमचं राहतं. आरोग्य सेवेसारख्या संस्थेकडे प्रश्न ‘थेट उत्तरासाठी’ पाठवला गेला, तर जास्त थांबावं लागतं. जुनी उत्तरं आधी शोधून वाचावीत. आमच्या विषयावर ती होतीच. शुल्क नोंदणीच्या कामाचा आणि खर्चाचा विचार करून ठरवलेलं आहे, या अर्थाचं वाक्य त्यांत वर्षानुवर्षं आहे. तोच प्रश्न पुन्हा विचारण्यात अर्थ नव्हता. पुढचा प्रश्न विचारायला हवा होता: एका नोंदणीमागे खर्च किती येतो आणि तो शेवटचा कधी मोजला?

त्या उत्तरांच्या तळाशी एक परिच्छेद नेहमी असतो, तोही लक्षपूर्वक वाचावा. वैयक्तिक प्रकरणांसाठी इमिग्रेशन सेवेने संसद सदस्यांसाठी वेगळी ईमेल सोय ठेवली आहे, असं त्यात मंत्री सांगतात. कोणाचा अर्ज अडकला असेल, तर पीक्यूपेक्षा हा रस्ता बरा, कारण पीक्यू सार्वजनिक असतो आणि तुमच्या प्रकरणाबद्दल त्यात कोणी काही उघड सांगणार नाही. टीडीच्या कार्यालयाला लेखी संमती द्यावी. 2018 च्या डेटा संरक्षण कायद्यात लोकप्रतिनिधींना मतदारांच्या वतीने माहिती हाताळायची मुभा आहे, तरी सही केलेला कागद हाताशी असला की समोरचं कार्यालय वेळ काढत नाही.

क्लिनिकबद्दल एवढंच सांगतो. ते दवाखान्यासारखंच चालतं. पक्षाच्या कार्यालयात, समाज मंदिरात, कधी पबच्या मागच्या खोलीत लोक रांगेने बसतात आणि प्रत्येकाला थोडी मिनिटं मिळतात. पहिल्या मिनिटात मागणी सांगावी, मग कारणं. एक पानाचं टिपण तिथेच हातात द्यावं आणि सहायकाचं नाव विचारून घ्यावं. पुढचा सगळा व्यवहार त्या सहायकाशी होतो, टीडीशी नाही.

आमचे पीक्यू जायच्या बेतात होते आणि 8 नोव्हेंबर 2024 रोजी डॉइल विसर्जित झालं. 29 नोव्हेंबरला निवडणूक झाली. विसर्जनाबरोबर उत्तर न मिळालेले प्रश्न संपतात आणि समित्याही संपतात, याचिका समितीसुद्धा. नवं सभागृह 18 डिसेंबरला भरलं, सरकार 23 जानेवारी 2025 ला आलं, त्यात विरोधकांच्या बोलण्याच्या वेळेवरून मोठा वाद झाला आणि समित्या उभ्या राहायला आणखी काही महिने गेले. 2020 मध्येही असंच झालं होतं. 8 फेब्रुवारीला मतदान आणि सरकार 27 जूनला. म्हणून निवडणूक जवळ दिसत असेल, तर याचिका दाखल करायची घाई करू नये. तो काळ कागद गोळा करण्यात घालवावा. निवडणुकीच्या आधी उमेदवार दारावर येतात, तेव्हा टिपण हातात द्यायला मात्र याहून चांगली वेळ नाही.

आम्ही तो काळ माहिती अधिकारात घातला. इथला 2014 चा कायदा, बोलीत एफओआय. अर्जात ‘हा अर्ज फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्ट 2014 खाली आहे’ हे वाक्य हवंच, नाहीतर तो साधं पत्र समजला जातो. अर्जाला शुल्क नाही. निर्णय चार आठवड्यांत द्यावा लागतो. कागद शोधायचा खर्च ताशी 20 युरोंनी मोजतात आणि 100 युरोंपर्यंत काही घेत नाहीत, म्हणजे पाच तासांचं काम फुकट. त्यापलीकडे जास्तीत जास्त 500 युरो, आणि अंदाज 700 च्या वर गेला तर अर्ज लहान करायला सांगून नाकारू शकतात. म्हणून ‘सगळा पत्रव्यवहार’ न मागता दोन वर्षांची मुदत आणि कागदाचा प्रकार लिहावा. नकार आला तर अंतर्गत फेरविचाराला 30 युरो आणि त्यानंतर माहिती आयुक्तांकडे अपिलाला 50 युरो, मेडिकल कार्ड असेल तर 10 आणि 15.

या कायद्याची मर्यादा कळली पाहिजे. तो अस्तित्वात असलेला कागद देतो, तुमच्यासाठी नवा हिशेब करून देत नाही. ‘एका कार्डाचा खर्च किती’ असं विचारलं आणि तसा हिशेब कोणी केलाच नसेल, तर ‘असा कागद नाही’ हे उत्तर कायदेशीर ठरतं. पण तेही लेखी मिळवावं. शुल्क खर्चावर आधारलेलं आहे असं म्हणणारं एक उत्तर आणि खर्चाचा हिशेब नसल्याचं दुसरं उत्तर, हे दोन कागद शेजारी ठेवले की याचिकेला वेगळा युक्तिवाद लागत नाही. वसुलीचा आकडा शोधायला मात्र एफओआयची गरजच नाही. न्याय विभागाच्या वार्षिक हिशेबात, ज्याची तपासणी नियंत्रक व महालेखापाल करतात, इमिग्रेशन नोंदणीचं उत्पन्न वेगळ्या ओळीत छापलेलं असतं. हे उत्पन्न विभागाच्या खर्चातून वजा दाखवतात. म्हणजे शुल्क कमी केलं तर विभागाला तेवढी रक्कम अर्थखात्याकडून मागावी लागेल. हा खरा अडसर आहे. मागणीत त्याचा उल्लेख प्रामाणिकपणे केला, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याला आपण अभ्यास केलाय हे लगेच दिसतं.

लॉबिंगच्या नोंदणीची धास्ती बऱ्याच मंडळांना असते. 2015 च्या कायद्याप्रमाणे मंत्री, टीडी, सेनेटर, वरिष्ठ अधिकारी यांच्याशी धोरणाबद्दल संपर्क साधणाऱ्यांपैकी काहींना सार्वजनिक नोंदवहीत नोंद करावी लागते आणि वर्षातून तीनदा, प्रत्येक चार महिन्यांच्या काळानंतर 21 दिवसांत विवरण द्यावं लागतं. पगारी कर्मचारी नसलेल्या स्वयंसेवकांच्या गटाला ते लागू होत नाही. स्वतःच्या खासगी बाबीसाठी टीडीला भेटणंही त्यात येत नाही. पण एखाद्या प्रश्नाची बाजू मांडणाऱ्या संस्थेत एक जरी पगारी माणूस असेल, तर नियम वाचून घ्यावा. जमिनीच्या झोनिंगबद्दल बोलायचं असेल, तर एकट्या माणसालाही लागू होऊ शकतो. आमच्यात सगळे विनामोबदला होते, त्यामुळे प्रश्न आला नाही.

आता याचिका. ती ऑनलाइन भरतात, फुकट, इंग्रजीत किंवा आयरिशमध्ये. लोकसभेत याचिकेला सदस्याची सही लागते, इथे लागत नाही, माणूस थेट पाठवू शकतो. सह्यांची किमान संख्याही नाही. ब्रिटनमध्ये 10,000 सह्यांना सरकारी उत्तर आणि 100,000 ला चर्चेचा विचार, हे गणित लोकांच्या डोक्यात पक्कं असतं आणि मग डब्लिनमधले लोकही महिनोन् महिने सह्या जमवत बसतात. त्या वेळेत मजकूर चार वेळा घासावा. इथे एका माणसाची याचिकाही त्याच तपासणीतून जाते.

मजकुराचे तीन भाग महत्त्वाचे आहेत: तक्रार काय, संसदेने नेमकं काय करावं, आणि याआधी तुम्ही काय काय केलंत. तिसऱ्या भागात लोक एक ओळ लिहून मोकळे होतात. तिथेच आमचे पीक्यूंचे क्रमांक, एफओआयचा संदर्भ आणि टीडींशी झालेला पत्रव्यवहार तारखांसकट लिहिला. समितीचं सचिवालय हा भाग बारकाईने बघतं, कारण इतर मार्ग संपले आहेत का हे त्यांना ठरवायचं असतं.

याचिका बाद होण्याची कारणं स्थायी आदेशांत, म्हणजे संसदेच्या कामकाजाच्या नियमांत, दिलेली आहेत. संसदेच्या अधिकारात नसलेली मागणी, न्यायालयात सुरू असलेलं प्रकरण, बदनामीकारक किंवा अशोभनीय भाषा, क्षुल्लक किंवा त्रास देण्यासाठी केलेली याचिका, ऑम्बड्समनने किंवा तक्रार निवारणाच्या दुसऱ्या संस्थेने निर्णय दिलेली वैयक्तिक तक्रार, आणि त्याच डॉइलच्या काळात त्याच अर्जदाराची बंद झालेली तशीच याचिका. शिवाय मजकुरात कोणा व्यक्तीचं नाव आलं तरी ती बाद. ही शेवटची अट सर्वांत जास्त लोकांना अडवते असं मला वाटतं, कारण आपल्या दुःखाला चेहरा देण्यासाठी माणूस सहज ‘अमुक अधिकाऱ्याने’ किंवा ‘माझी मैत्रीण अमुक हिने’ लिहून जातो. आम्ही ‘एक वर्षाच्या कार्डावरचा विद्यार्थी’, ‘काळजी केंद्रात काम करणारी कर्मचारी’ एवढंच ठेवलं. तुमचं स्वतःचं नाव मात्र झाकलेलं राहत नाही. याचिका दाखल झाली की बैठकीत ते वाचलं जातं आणि इतिवृत्तात छापलं जातं. आपला नोकरीचा परवाना एका मालकाशी बांधलेला असेल, तर कोणाच्या नावाने अर्ज करायचा हे गटात बसून शांतपणे ठरवावं. आमच्याकडे नागरिकत्व मिळालेल्या एकीने नाव दिलं.

पाठवल्यावर पोच येते, मग शांतता. ही शांतता आठवड्यांची नसते, महिन्यांची असते. आधी सचिवालय नियमांच्या चौकटीत मजकूर तपासतं आणि शंका असतील तर लिहून विचारतं. आम्हाला ‘संसदेने काय करावं’ हे वाक्य अधिक स्पष्ट करायला सांगितलं. त्या मेलला उत्तर द्यायला उशीर करू नये. समित्या अधिकारकक्षेबाबत इतक्या काटेकोर का, याला 2019 चं कारण आहे. लोकलेखा समितीने एका साक्षीदाराची चौकशी आपल्या कक्षेबाहेर जाऊन केली, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने केरिन्स प्रकरणात दिला. त्यानंतर कुठलीही समिती आपल्या कार्यकक्षेच्या रेषेबाहेर सहजासहजी पाऊल टाकत नाही. ‘हे तुमच्या कक्षेत कसं येतं’ हे याचिकेतच सांगितलं, तर त्यांचं काम सोपं होतं.

वाट पाहताना आम्ही जुना इतिहास वाचला आणि तो मला महत्त्वाचा वाटला. 1922 च्या आयरिश मुक्त राज्याच्या घटनेत लोकांना स्वतः कायदा सुचवायची वाट होती. 48 व्या कलमात 75,000 मतदारांच्या याचिकेची तरतूद होती. 1928 मध्ये फियाना फॉल पक्षाने राजनिष्ठेच्या शपथेविरुद्ध सुमारे 96,000 सह्या जमवल्या, तेव्हा सरकारने ते कलमच घटनादुरुस्तीने काढून टाकलं. 1937 च्या घटनेत ते परत आलं नाही. आजची याचिका पद्धत 2012 मध्ये सुरू झाली आणि ती संसदेच्या स्वतःच्या नियमांवर उभी आहे. तिच्यात सक्ती नाही. समिती शिफारस करू शकते, विभागाला लिहू शकते, मंत्र्यांना बोलावू शकते, दुसऱ्या समितीकडे पाठवू शकते, सभागृहाला अहवाल देऊ शकते. शुल्क बदलायचं काम मंत्र्यांचंच राहतं.

याचिका हा संथ मार्ग आहे, आणि तातडीच्या प्रश्नाला तो पुरत नाही, हेही सांगायला हवं. ऑक्टोबर 2012 मध्ये बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचा गर्भपात नाकारला गेल्यावर गॉलवेत मृत्यू झाला, तेव्हा संसदेला हलवलं ते संसदेसमोरच्या किल्डेर स्ट्रीटवर रात्री जमलेल्या लोकांनी, सभागृहातल्या प्रश्नांनी आणि चौकशी अहवालांनी. 2013 चा कायदा, मग नागरिक सभा, मग 25 मे 2018 चं सार्वमत, ज्यात 66.4 टक्के मतं गर्भपातबंदीची आठवी घटनादुरुस्ती हटवण्याच्या बाजूने पडली. लोकांचा संताप, तज्ज्ञांचे कागद आणि संसदेतलं काम एकाच दिशेने सुरू राहिलं म्हणून ते झालं. आमचा प्रश्न त्याच्या पासंगालाही पुरणारा नाही. पण लहान प्रश्नालाही एकापेक्षा जास्त दारं ठोठवावी लागतात, हे तिथून दिसतं.

म्हणून समांतर दोन गोष्टी केल्या. डॉइलमध्ये ‘टॉपिकल इश्यू’ नावाची चर्चा असते, आपल्या लक्षवेधीच्या जवळची. टीडी विषय देतात, सभापती त्यांतले चार निवडतात. प्रत्येकाला 12 मिनिटं: टीडी चार, मंत्री चार, मग दोघांना दोन-दोन. संबंधित मंत्री येतीलच असं नाही. बऱ्याचदा राज्यमंत्री टाइप केलेलं उत्तर वाचून दाखवतात. तेव्हा आपल्या टीडीला शेवटच्या दोन मिनिटांसाठी एकच टोकदार प्रश्न लिहून द्यावा, ज्याचं उत्तर त्या कागदावर नसेल. दुसरं म्हणजे शॅनड, वरचं सभागृह. तिथे कामकाजाच्या सुरुवातीला सेनेटर अशीच चर्चा मागू शकतात आणि तिथे वेळ मिळण्याची शक्यता बरी असते. 60 सेनेटरांपैकी कोणाचाही मतदारसंघ भौगोलिक नसतो, त्यामुळे कोणालाही लिहिता येतं. ज्याने किंवा जिने आधी स्थलांतरावर बोललेलं आहे, असे सदस्य इतिवृत्तात नावाने शोधता येतात.

याशिवाय लेन्स्टर हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या इमारतीत, एक एव्ही रूम आहे. एखादा सदस्य ती तुमच्यासाठी आरक्षित करतो आणि तुम्ही तिथे सदस्यांना व सहायकांना माहिती देता. सदस्य येतात-जातात, पाच मिनिटं थांबतात. वीस स्लाइड नेऊ नयेत. एक पान, त्यावर एक तक्ता: कार्डाची मुदत, शुल्क, दर महिन्याला पडणारा खर्च. एका वर्षाच्या कार्डाला महिना 25 युरो, दोन वर्षांच्याला साडेबारा. ते पान हातात घेऊन लोक बाहेर जातात, भाषण घेऊन जात नाहीत. आत जायला फोटो ओळखपत्र लागतं आणि नावं आधी कळवावी लागतात. किल्डेर स्ट्रीटच्या फाटकावर सुरक्षा तपासणीला वेळ जातो, तो धरून निघावं. कामकाज मंगळवार ते गुरुवार असतं, तेव्हा सोमवार-शुक्रवारी टीडी मतदारसंघात असतात. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुट्टी. अर्थसंकल्प ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो, म्हणून शुल्कासारख्या विषयाचे कागद जूनपर्यंत विभागात पोहोचलेले हवेत.

याचिका पुढे सरकली की तिला क्रमांक मिळतो, पी अक्षर, काही शून्य, आकडा आणि वर्ष. यापुढे प्रत्येक मेलच्या विषयात तोच लिहावा. समितीची बैठक ओराक्टसच्या, म्हणजे संसदेच्या वाहिनीवर थेट दिसते आणि नंतर शब्दशः छापून येते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती फार झटपट वाटते. अध्यक्ष क्रमांक वाचतात, अर्जदाराचं नाव वाचतात, विभागाकडून काय आलं ते सांगतात आणि मग ठरलेलं वाक्य येतं: हा पत्रव्यवहार अर्जदाराकडे पाठवून 14 दिवसांत म्हणणं मागवावं, अशी शिफारस आहे, सदस्यांना काही म्हणायचं आहे का, मान्य? ‘मान्य’ म्हटलं की पुढची याचिका.

ते 14 दिवस हा सगळ्या प्रक्रियेचा कणा आहे. विभागाचं उत्तर लांबलचक असतं. पहिला अर्धा भाग कायद्याचा इतिहास, मग सध्याची पद्धत, मग सवलती कोणाला आहेत, आणि तळाशी ‘सध्या बदल करण्याचा विचार नाही’ या अर्थाचं वाक्य. रागाने उत्तर लिहू नये. विभागाच्या पत्राचे परिच्छेद घ्यावेत आणि प्रत्येकासमोर लिहावं: याचं उत्तर मिळालं, याचं अर्धवट मिळालं, याचं मिळालं नाही. शेवटी समितीला विभागाकडे विचारता येतील असे तीनच प्रश्न द्यावेत. सदस्यांसमोर अनेक याचिका असतात. तयार प्रश्न असला तर समिती तो जसाच्या तसा पुढे पाठवू शकते. आम्ही विचारलं: खर्चाचा हिशेब शेवटचा कधी झाला, मुदतीनुसार शुल्क ठेवण्याचा पर्याय तपासला आहे का, आणि नूतनीकरण ऑनलाइन झाल्यावर कामाचा खर्च किती बदलला. 14 दिवसांत जमत नसेल तर मुदत संपण्याआधी लिहून वाढवून मागावी. काहीच कळवलं नाही तर याचिका बंद करण्याची शिफारस होणं अगदी शक्य आहे.

समितीने साक्षीला बोलावलं तर काय होतं, तेही ठाऊक असू द्यावं. सगळ्यांना बोलावत नाहीत. बोलावलं तर सुमारे पाच मिनिटांचं निवेदन आधी लेखी पाठवायचं असतं आणि ते प्रसिद्ध होतं. बैठकीच्या सुरुवातीला अध्यक्ष विशेषाधिकाराची सूचना वाचतात: संसदेच्या आवारातून बोलणाऱ्या साक्षीदाराला बदनामीच्या दाव्यापासून संरक्षण आहे, बाहेरून व्हिडिओवर बोलणाऱ्याला ते तेवढंच मिळेलच असं नाही. कोणाचं नाव घेऊ नये, कोणाला ओळखता येईल असं बोलू नये. व्हिडिओची सोय मिळाली तरी शक्यतो तिथे जावं, ते या कारणासाठी.

आमच्या याचिकेवरचा आमचा प्रतिसाद समितीने विभागाकडे पाठवला आहे आणि ती अजून खुली आहे. शुल्क आजही 300 युरोच आहे. पुढचा पीक्यू तयार आहे, खर्चाच्या हिशेबाचा, आणि तो विभागाचं दुसरं पत्र आल्यावरच द्यायचा, म्हणजे दोन उत्तरांत फरक पडला तर दाखवता येईल. याचिका बंद झालीच, तर या डॉइलच्या काळात तीच पुन्हा देता येणार नाही. त्यामुळे बंद करण्याचं पत्र आलं की त्यातलं कारण नीट वाचावं. समितीने दुसऱ्या समितीकडे किंवा विभागाकडे पाठवलं असेल, तर त्या पत्राची प्रत मागून घ्यावी. सगळा पत्रव्यवहार एका फोल्डरमध्ये तारखेच्या क्रमाने ठेवावा आणि त्याची प्रत गटातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी असावी. परवान्यावरची माणसं नोकरी बदलतात, शहर बदलतात, देश सोडतात, आणि असं काम एका माणसाच्या लॅपटॉपमध्येच असलं तर त्याच्याबरोबर निघून जातं.